मदत हवी आहे: बँकॉक, पाच रात्री, आई-बाबा, लेक आणि बाबांचा गुडघा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला जातोय. मी, नऊ वर्षांचा लेक आणि माझे आई-बाबा. नवऱ्याला रजा नाही, म्हणजे सगळं माझ्यावर. टूर घे, डोक्याला ताप नको, असं सगळ्यांनी सांगितलं. पण टूरवाल्यांचा आकडा ऐकूनच ताप आला. शिवाय बाबांना सुट्टीत पहाटे सहाला 'चला चला, बस लागली' ऐकायचं नाहीये.

विमानाची तिकिटं झालीत. हॉटेल खाओसान रोडच्या जवळ धरून ठेवलंय, फुकटात रद्द करता येतं. स्वस्त आहे आणि सगळ्या व्हिडिओंत तेच नाव येतं, एवढंच कारण.

अडचणी अशा. बाबांचा उजवा गुडघा गेलाय. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालतात, जिना चढतात, पण उतरताना फार त्रास होतो. आई शाकाहारी, त्यातून चातुर्मासात कांदा-लसूण बंद. कार्तिकी एकादशी व्हायच्या आधीच आम्ही तिथे असू. लेकाला ट्रेन, बोट, टुकटुक, सगळ्यात बसायचंय.

तर फिरायचं कशाने? स्कायट्रेन, मेट्रो, बोट, बस सगळ्यांत चालेल असा एखादा पास मिळतो का? चौघांचा मिळून रोजचा प्रवासखर्च किती धरू? आणि हॉटेल ठेवू की सोडू?

क्रुंगथेपकर

नोकरीनिमित्त इथे सात वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हॉटेल सोडा. खाओसानला ना स्कायट्रेन पोचते ना मेट्रो. जवळचं मेट्रो स्टेशन दीड-दोन किलोमीटरवर. रात्री दोनपर्यंत ढणढण गाणी चालतात ते वेगळंच. खोलीत वाचलेले पैसे रोज टॅक्सीत जातील आणि झोपही जाईल.

त्याऐवजी साम योट स्टेशनच्या आसपास बघा. निळी मेट्रो आहे, जमिनीखालची. पुढचंच स्टेशन सनाम चाय, तिथून वाट पो हे देऊळ पाच-सात मिनिटांवर ('वाट' म्हणजे थाईत बौद्ध देऊळ). मागचं स्टेशन वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाउन. आणि साम योटहून चालत दहा मिनिटांवर पाहुरात, इथली हिंदुस्थानी पेठ. आईंच्या जेवणाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सगळीकडे चालणारा एक पास नाही. स्कायट्रेन म्हणजे बीटीएस, ती वेगळी. मेट्रो म्हणजे एमआरटी, ती वेगळी. जिथे दोन्ही भेटतात तिथे स्टेशनांची नावंसुद्धा वेगळी आहेत. बीटीएसचं असोक आणि एमआरटीचं सुखुमवित एकमेकांना चिकटून आहेत, पण एकीतून बाहेर पडून दुसरीचं तिकीट नव्याने काढायचं. नवखा माणूस हमखास इथेच गोंधळतो. मेट्रोच्या गेटवर टॅप करता येणारं बँकेचं कार्ड चालतं, मात्र माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर चौघं आत जाता येत नाही. तुम्ही सरळ सुटी टोकन घ्या.

आता खर्च. व्हिडिओवाले एकटे फिरतात, म्हणून 'ट्रेनने जा, टॅक्सी महाग' म्हणतात. तुम्ही चौघं आहात. मेट्रोचं भाडं माणशी १७ बाथपासून सुरू होतं, मध्यम अंतराला तीसेक धरा. म्हणजे चौघांचे एका वेळचे सव्वाशे. मीटरच्या टॅक्सीचे पहिल्या किलोमीटरला ३५ बाथ, पाच-सहा किलोमीटरला ऐंशी-नव्वद. वर दारापासून दारापर्यंत, जिने नाहीत. चौघांना टॅक्सीच स्वस्त पडते!

फक्त वेळ पाळा. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते संध्याकाळी साडेसात टॅक्सीत बसू नका. तेव्हा रस्ते तुंबलेले असतात आणि मीटर उभ्या उभ्या चालू राहतो. त्या वेळात मेट्रो. असं केलंत तर रोजचे पाचशे-सहाशे बाथ चौघांना पुरतील. एक बाथ म्हणजे तीनेक रुपये धरा.

उनाड

वरचा हिशोब बरोबर आहे, पण टॅक्सीतून बँकॉक बघणं म्हणजे खिडकीतून जत्रा बघणं. हे कालव्यांचं शहर आहे हो! सेन सेप कालव्याची बोट घ्या. पानफा धक्क्यावरून निघते, प्रतुनामला बदलायची, पुढे थेट शहराच्या पूर्वेला. वीस बाथच्या आसपास तिकीट. वर रस्त्यावर गाड्या अडकलेल्या आणि तुम्ही खालून सुसाट. पाणी उडतं म्हणून प्रवासीच दोरी ओढून ताडपत्री वर घेतात. लेक खूश होईल.

क्रुंगथेपकर

@उनाड, मलाही ती बोट आवडते, पण गुडघेवाल्या बाबांना नको. धक्क्याला नीट बांधतही नाहीत, काठावर पाय टाकून आत उडी मारायची आणि निघताना तसंच वर यायचं. दहा सेकंदांचा खेळ असतो. लेकाला घेऊन तुम्ही एकटीनेच जावं, तोवर आजी-आजोबांना मॉलच्या गारव्यात बसवावं.

बाबांसाठी नदी आहे ना. चाओ फ्राया नदीवर नारिंगी झेंड्याची बोट, कुठेही उतरा, १६ बाथ. तिकीटवाली बाई पैशांचा पत्र्याचा डबा खुळखुळवत तुमच्यापर्यंत येते. धक्का तरंगता असतो, पायरी फारशी नाही, पण थांबा तिथेही थोडाच. बोट टेकायच्या आधी बाबांना दारापाशी आणून ठेवा. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची, महाग. धक्क्यावरची माणसं तिकडेच ढकलतात. हसून 'ऑरेंज' म्हणायचं आणि उभं राहायचं.

स्कायट्रेनने साफान ताक्सिनला उतरलात की खालीच साथोर्न धक्का. तिथून बोटीने था तिएन, म्हणजे वाट पोच्या दारात. समोरच्या काठावर वाट अरुण, पलीकडे नेणारी होडी पाच बाथची.

पोटोबा

आईंसाठी एक गंमत. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसणारं अक्षर शोधा. ते 'जे'. चिनी वळणाचं बौद्ध शाकाहारी जेवण. मांस, मासे, अंडं, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही! आपला चातुर्मास त्यांना बारा महिने. मी सासूबाईंना अशाच एका ठेल्यावर नूडल्स खाऊ घातल्या. आधी त्यांनी तीनदा विचारलं, मग दोन वाट्या संपवल्या.

नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजी व्हेज असते, पण वरून नाम प्ला पडतं, म्हणजे माशाचा रस. अंडं तर त्यांच्या हिशोबी मांसाहारात येतच नाही. 'किन जे' म्हणा, किंवा थाई लिपीत लिहून घेऊन फोनवर दाखवा.

पाहुरातला सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो. आजूबाजूला डोसा, पोळी-भाजी, मिठाई सगळं मिळतं. पण तिथे कांदा-लसूण विचारूनच घ्या, कारण बनवणारे आपलेच!

डेबिट_क्रेडिट

तिकीट परत एकदा बघा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त तिकिटं पुष्कळदा डॉन मुआंगची असतात.

गोदाकाठ

अरे देवा. डॉन मुआंगच आहे! मी सुवर्णभूमीच्या एअरपोर्ट ट्रेनचे फोटो बाबांना दाखवून बसले होते.

डेबिट_क्रेडिट

घाबरू नका, साम योटला जायचं असेल तर हे बरंच आहे. डॉन मुआंगवरून लाल लाइनची ट्रेन क्रुंग थेप अफिवातला जाते. ते नवं मोठं स्टेशन, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ पासून तिथूनच सुटतात. त्याच्याखाली बांग सू मेट्रो, तिथून निळी मेट्रो न बदलता थेट साम योट. परतताना, सामान कमी आणि वेळ हातात असेल तर हे करा.

जाताना मात्र रात्रभरच्या विमानानंतर चार बॅगा आणि आई-बाबा. विमानतळावरच्या सरकारी टॅक्सीच्या रांगेत जा. चिठ्ठी मिळते, ती जपून ठेवा, त्यावर गाडीचा नंबर असतो. मीटरच्या आकड्यावर आणखी ५० बाथ विमानतळाचे, टोल तुमचा. सगळं धरून तीन-चारशे बाथ. आत येऊन 'टॅक्सी, मॅडम, फिक्स प्राइस' करणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका. तुमच्या त्या खाओसानकडे ए-४ नंबरची बस ५० बाथमध्ये जाते, पण आता तो विषय संपला.

आणखी एक. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलंय. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, लेकाचंही. फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. व्हिसाचे नियम तिकडे सारखे बदलतात, ते निघण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवरच बघा.

खिसेकापू_नाही

माझा गाढवपणा सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. राजवाड्याकडे, म्हणजे ग्रँड पॅलेसकडे चाललो होतो. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ अगदी अदबीने म्हणाला, 'आज सण आहे, दुपारपर्यंत बंद. तोवर वीस बाथमध्ये टुकटुकवाला तीन देवळं दाखवेल.' स्वस्त वाटलं, बसलो. एक देऊळ झालं, मग शिंप्याचं दुकान, मग हिऱ्या-माणकांचं दुकान, मग दुसरा शिंपी. बायकोने शेवटी रस्त्यातच उतरायला लावलं. राजवाडा सकाळपासून उघडाच होता.

दारापर्यंत जा आणि तिकीटखिडकीवरच्याच माणसाचं ऐका. टुकटुकमध्ये लेकाला एकदा बसवा, भाव आधी ठरवून, जवळच्या जवळ. टॅक्सीपेक्षा महाग पडते, पण हौसेला मोल नसतं.

क्रुंगथेपकर

राजवाड्याचं तिकीट माणशी ५०० बाथ आहे, तेवढा खर्च मनाशी धरूनच या. बजेटवाले तो टाळतात. आई-बाबांना घेऊन आलात तर टाळू नका. आतल्या वाट फ्रा केओच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांचं रामकियेन. आईंना आधीच सांगून ठेवा की इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्या मुलीवर, सुवर्णमच्छावर, त्याचं मन जडतं. माझी आई त्या चित्रासमोर बराच वेळ गप्प उभी होती, मग म्हणाली, 'यांच्याकडे असेल बाई तसं.'

राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हाच पोचा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाबांची बर्म्युडा चालणार नाही. वाट पोमधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, तिथे सगळं सपाट आहे. वाट अरुणच्या पायऱ्या खड्या आहेत. बाबांनी खालूनच बघावं, खरं तर ते नदीपलीकडूनच जास्त छान दिसतं. वाट साकेतचा सुवर्णगिरी तीनशेच्या वर पायऱ्यांचा, तो या खेपेला सोडा.

आणि गुडघ्याचं: मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट असतात. स्कायट्रेनची स्टेशनं उंचावर, लिफ्ट प्रत्येक दाराला नसते, सरकता जिना बऱ्याच ठिकाणी फक्त वर जाणारा. बाबांना नेमका उतरताना त्रास, म्हणून लिफ्टवालं दार कोणतं ते आत असतानाच नकाशावर बघून घ्या.

उनाड

लेकाच्या ट्रेनसाठी: हुआ लाम्फोंगच्या जुन्या स्टेशनवरून तिसऱ्या वर्गाच्या काही साध्या गाड्या अजून सुटतात. अयुथयापर्यंत वीसेक बाथ. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, छताला पंखे. साम योटवरून मेट्रोने दोन स्टेशनं. अयुथया म्हणजे अयोध्याच, हे आजोबांनी नातवाला सांगावं. तिथले अवशेष पसरलेले आहेत, एक टुकटुक तासांवर ठरवून घ्या, चालत फिरू नका.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. खाओसानचं रद्द केलं. साम योटपासून चारशे मीटरवर, लिफ्ट असलेलं मिळालं. रात्रीला सहाशे रुपये जास्त आहेत, पण क्रुंगथेपकरांचा हिशोब बाबांनी वहीत उतरवून स्वतः पडताळला आणि 'बरोबर आहे माणसाचं' असा शेरा दिला. हनुमानाचं आईला सांगितलं. तिचा विश्वास नाही, बघितल्यावर ठरवणार आहे.

कार्तिक पौर्णिमेला तिकडे लोक पाण्यात दिवे सोडतात असं वाचलं, खरं का? आमच्याकडे त्रिपुरीला गोदेवर तेच असतं.

क्रुंगथेपकर

खरं आहे, लॉय क्राथोंग. केळीच्या खांबाच्या चकतीवर पानांची द्रोणासारखी नाव, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरीच्या आसपासच येतो. पण तोवर तुम्ही परत गेलेल्या असाल, आईंना गोदेवरच दिवे सोडू द्या.

गोदाकाठ

एक शेवटचं. बाबा विचारतायत, फराळ नेला तर चालेल का?

पोटोबा

आम्ही दर वेळी कोरडा फराळ नेतो, कुणी अडवलं नाही. चकल्या मात्र डब्यातच ठेवा, पिशवीत ठेवल्यात तर तिकडे चुरा खाल. आणि क्रुंगथेपकरांसाठी चार जास्त घ्या, एवढं टंकलंय बिचाऱ्यांनी.