साऊथ हेवन: 'दोन तासांत संपणारं गाव' म्हणणाऱ्यांना

लाल_दीपस्तंभ
परवा इथे एकाने लिहिलं की साऊथ हेवन (मिशिगन) म्हणजे एक दीपस्तंभ, एक आइसक्रीमची रांग आणि पार्किंगची लूट. दोन तासांत गाव संपतं, तिथली माणसं वर्षभर कशी जगतात देव जाणे! उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

देवाला कशाला त्रास? मी जाणते. अकरा वर्षं राहतेय इथे. तुम्ही आलात कधी, तर ऑगस्टात, ब्लूबेरी फेस्टिव्हलच्या शनिवारी. चारेक हजार वस्तीचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाऊन 'काय ही गर्दी' म्हणून नाक मुरडण्यातला प्रकार.

जूनमध्ये या. घड्याळ न्यूयॉर्कचं, म्हणजे शिकागोच्या एक तास पुढे, आणि सूर्य शिकागोचा, त्यामुळे रात्री साडेनवाच्या सुमारास सूर्य मिशिगन लेकच्या, आमच्या तळ्याच्या, पाण्यात बुडतो. जानेवारीत या. विस्कॉन्सिनकडून निघालेला गार वारा वाटेत तळ्याची वाफ उचलतो आणि तिचा बर्फ करून आमच्या दारात ओततो. दीपस्तंभ बर्फाने मढतो. तेव्हा पिअरवर, म्हणजे तळ्यात शिरलेल्या धक्क्यावर, जाऊ नका, आणि उन्हाळ्यात लाल बावटा असतानाही नको. तुम्ही लाटा अंगावर घेत काढलेला फोटो पाहिला. गोडं पाणी म्हणून त्याला भोळं समजू नका.

आणि ज्या ब्लूबेऱ्या बादलीभर नेल्यात, त्याही या तळ्याच्याच कृपेच्या. ते वसंत लांबणीवर टाकतं, फुलोरा उशिरा येतो आणि गोठवणाऱ्या दहिवरातून वाचतो.

नेपरव्हिलचा_नाना
'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका.

निसर्गाला मी कुठे नावं ठेवली? शिकागोजवळून अडीच तास गाडी हाणली, वर घड्याळाने एक तास खाल्ला, जेवणाचं बुकिंग हुकलं. गर्दी नको म्हणून आईला घेऊन काठाकाठाने उत्तरेला चालत गेलो, तर एका घराच्या डेकवरून बाई ओरडल्या, खासगी बीच आहे, मागे फिरा. आई बहात्तर वर्षांची, चप्पल हातात. ती 'सॉरी सॉरी' म्हणत वळली. हे तुमच्या सुंदर गावाबद्दल लिहा की.

कायदेकानू
मागे फिरायची गरज नव्हती. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच, ग्लास विरुद्ध गेकल खटल्यात, सांगितलंय की ग्रेट लेक्सच्या (मिशिगन लेक त्यातलंच) काठाने, नेहमीच्या भरतीरेषेच्या खालून, कुणीही चालू शकतं. जमीन कागदावर कुणाचीही असो.

पाच_पायऱ्या
भरतीरेषा हा शब्द चुकला. तळ्याला भरती-ओहोटी नावापुरती. आणि निकाल चालण्यापुरता आहे. लोक चालत येतात आणि तंबू ठोकतात, कोळसे पेटवतात, कणसं भाजतात. माझं तिथे एक छोटं घर आहे, भाड्याने देतो. २०१३ च्या जानेवारीत तळं नीचांकाला होतं, २०२० मध्ये त्याहून सहाएक फूट वर. माझा लाकडी जिना गेला. खालच्या पाच पायऱ्या कुठे गेल्या ते मिशिगन लेकलाच ठाऊक. आता सांगा, रेषा कुठे आखायची?

कायदेकानू
पाणी आज कुठे आहे त्यावर ती ठरत नाही. जमिनीवरच्या खुणा, झाडोरा बघतात. पायऱ्यांबद्दल वाईट वाटलं, पण तो पुरावा नव्हे.

लाल_दीपस्तंभ
अच्छा, भाड्याने देता! माझ्या गल्लीत नऊ घरं आहेत. हिवाळ्यात दिवे लागतात दोन घरांत, आमच्या आणि समोरच्या आजोबांच्या. बाकी सात तुमच्यासारख्यांची. फेब्रुवारीत कुणाचा पाइप फुटला की पाणी रस्त्यावर आल्यावर कळतं, आणि मालकाला फोन मी करते. भाडं तुम्ही घेता, फुकटची चौकीदारी आमच्याकडे.

पाच_पायऱ्या
कर मीही भरतो. आणि पर्यटक नकोत तर वर आमंत्रणं कसली देताय, जूनमध्ये या, जानेवारीत या? आधी ठरवा.

वाफेची_बोट
या गावाने भाड्याच्या खोल्यांना नाकं मुरडणं म्हणजे कमाल आहे. शिकागोहून बोटी भरभरून माणसं यायची. १९१५ मध्ये शिकागो नदीत कलंडून ८४४ माणसं जिच्यामुळे गेली ती 'ईस्टलँड' आधी साऊथ हेवनच्याच फेऱ्या मारायची. पुढे इथे ज्यू कुटुंबांची रिसॉर्टं उभी राहिली, कारण इतर ठिकाणी त्यांना दार बंद असायचं. पाहुण्यांवरच उभं राहिलेलं गाव आहे हे.

लाल_दीपस्तंभ
ती रिसॉर्टं चालवणारी माणसं इथेच राहायची. फरक आहे.

गुहागरी
अवांतर: आमच्याकडे समुद्र कुणाचा असं कुणी विचारत नाही. (आता एखादा रिसॉर्टवाला दोरी बांधतो म्हणा.) आणि ज्याला खारा वास नाही, बोंबील नाही, तो कसला किनारा!

लाल_दीपस्तंभ
'अनसॉल्टेड, शार्क नाहीत' असे स्टिकर विकतात इथे गाड्यांवर लावायला. इथला पर्च मासा तळून बघा रवा लावून, मग बोलू. बोंबील मात्र मलाही हवेत. इथे साध्या कढीपत्त्यासाठी कॅलमझू शहरापर्यंत पाऊण तास जावं लागतं.

नेपरव्हिलचा_नाना
म्हणजे मीच बरोबर होतो, कशा जगता देव जाणे!

लाल_दीपस्तंभ
कढीपत्त्याचा मुद्दा तुमचा. पार्किंगचाही अर्धा देते, दर फारच चढलेत. आईंना मागे वळावं लागलं ते वाचून मात्र मला खरंच राग आला. तो डेक कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पाच_पायऱ्या
माझा नाही. माझा जिनाच नाही, डेकवर कोण चढणार.

नेपरव्हिलचा_नाना
व्यनि केला. आई विचारतेय, जूनमध्ये नेणार का परत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

लाल_दीपस्तंभ
मंगळवारी या. शनिवारी आलात तर ओळख देणार नाही. येताना कढीपत्ता आणा.