दुय्यम पात्रं: सहा चिन्हं पुरतात

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळांत (आरपीजी) खेळ चालवणाऱ्याला दुय्यम पात्रं झटपट उभी करावी लागतात. 'नाव आणि पेशा फाशांवर काढला की पात्र तयार' असं त्याबद्दल म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पात्रं काढून देणारा तक्ता (जनरेटर) लोहार देतो, पण खेळाडू त्याच्याशी बोलायला लागले की गाडी अडते, कारण त्याला काय हवंय ते बहुतेक तक्ते सांगतच नाहीत.

१९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या भूमिका-खेळाची पद्धत इथे फार कामी येते. पात्राचे सहा गुण, याच क्रमानं: ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शिक्षण, सामाजिक दर्जा. प्रत्येकासाठी दोन फाशांची बेरीज, आणि ९ च्या पुढे अक्षरं (१० म्हणजे ए, ११ म्हणजे बी). अख्खं पात्र सहा चिन्हांत! '४५५९बी३' म्हणजे अंगानं किरकोळ, हुशार, भरपूर शिकलेला, पण समाजात किंमत नसलेला माणूस. अशा माणसाला काय खुपत असेल हे वाचतावाचताच सुचतं. तेवढं एक वाक्य मी चिन्हांशेजारी लिहून ठेवतो.