एक लाख कोटी अधिक एक: मूळ की संयुक्त?

प्रश्न
१० चा १२ वा घात अधिक १ ही संख्या मूळ आहे का? २ पासून १३ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही. वर्गमूळ १० लाखांच्या किंचित वर, म्हणजे ७८,४९८ मूळ संख्या तपासायच्या! शिवाय दहा अंकी कॅल्क्युलेटरवर शेवटचा १ दिसतच नाही. अवयव कसे पाडायचे? विभाजक किती, त्यांची बेरीज किती?

प्रतिसाद १
संयुक्त आहे. भागाकाराला हात घालण्याआधी संख्येची घडण बघा. क्ष = १०००० धरा, संख्या होते क्ष³ + १, म्हणजे (क्ष + १)(क्ष² − क्ष + १). झाले १०००१ × ९९९९०००१.

आता १०००१. त्याच्या कुठल्याही मूळ विभाजकाने १० च्या चौथ्या घाताला भागलं की बाकी −१ येते, आठव्याला १. म्हणजे बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ८ वा, आणि असा घात मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला नेहमी भागतो. म्हणून तो विभाजक ८क + १ (क हा पूर्णांक) याच रूपाचा हवा. १७ नाही, ४१ नाही, ७३ ने जातो: ७३ × १३७.

प्रश्नकर्ता
९९९९०००१ मूळच कशावरून? १० हा पाया घेऊन फर्माची कसोटी लावली, म्हणजे १० च्या ९९९९०००० व्या घाताला ९९९९०००१ ने भागलं, तर बाकी १ येते (संख्या मूळ असेल तर ती १ च यायला हवी). तेवढं पुरे?

प्रतिसाद २
नाही, आणि इथे तर तो पाया अजिबात घेऊ नका. ही संख्या १० चा १२ वा घात अधिक १ हिची विभाजक आहे, त्यामुळे १० च्या २४ व्या घाताची बाकी १ येणारच. ९९९९०००० ला २४ ने भाग जातो, म्हणून ही संख्या संयुक्त असती तरी कसोटीचं उत्तर हेच आलं असतं.

खात्रीचा मार्ग असा. मूळ विभाजक प असेल, तर १० चा जो सर्वांत लहान घात बाकी १ देतो तो ८ वा किंवा २४ वा. ८ वा असेल तर क्ष ची बाकी −१, मग क्ष² − क्ष + १ ची बाकी ३, म्हणजे प = ३. पण अंकांची बेरीज ३७, तेव्हा ३ बाद. उरतात फक्त २४क + १ रूपाच्या मूळ संख्या. वर्गमूळ १०००० च्या आत, तिथल्या १,२२९ मूळ संख्यांपैकी अशा दीडशेच्या आसपास.

मोठा भागाकारही करू नका. १०००० ला प ने भागून बाकी ब काढा, मग ब² − ब + १ ला प ने भाग जातो का बघा. ९७ साठी ब = ९, उत्तर ७३, जात नाही. १९३ साठी ब = −३६, उत्तर १३३३, बाकी १७५. यादी संपेपर्यंत एकही सापडत नाही, म्हणून ९९९९०००१ मूळ.

फर्माच्या कसोटीसाठी स्प्रेडशीटवर ९९९९०००१ ची बाकी घेत वर्ग करत गेलात तर मधले आकडे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे जाऊ शकतात. तिथून पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक साठवला जात नाही आणि बाकी गुपचूप चुकते. वरच्या रीतीत आकडा दहा कोटींच्या आतच राहतो.

प्रतिसाद ३
उरलेलं सोपं. तीन वेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक ८. बेरीज ७४ × १३८ × ९९९९०००२ = १०,२१,०९,७९,००,४२४.

संयुक्त असल्याचा आणखी एक सुंदर पुरावा: ही संख्या १०००००० आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहेच, पण ९९९८०० आणि १९९९९ यांच्या वर्गांचीही आहे. मूळ संख्येची अशी मांडणी दोन प्रकारे होऊच शकत नाही. इथे ती चार प्रकारे होते. उरलेल्या दोन जोड्या ७५३४२४, ६५७५३५ आणि ७६६४२४, ६४२३३५.