बहुधर्मीय समुदायाचा नवा उपदेशक म्हणून कोणत्या आशा मांडाव्यात?

प्रश्नकर्ता: नवा उपदेशक

सर्वांना नमस्कार. पुढील महिन्यापासून मी एका बहुधर्मीय आध्यात्मिक समुदायाचा उपदेशक म्हणून काम सुरू करीत आहे. या समुदायात ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, ज्यू आणि बौद्ध परंपरांत वाढलेली माणसे आहेत, दोन वेगळ्या धर्मांतील पती-पत्नी आहेत, आणि कोणत्याच धर्मावर विश्वास उरलेला नसूनही इतरांसोबत शांतपणे बसण्याची ओढ ज्यांना अजून वाटते असेही काही जण आहेत. पहिल्या सभेत मी माझ्या आशा मांडाव्यात, अशी समुदायाची अपेक्षा आहे.

माझी पहिली आशा अशी की, येथे येताना कोणालाही चपलांसोबत आपली श्रद्धाही दाराबाहेर काढून ठेवावी लागू नये. दुसरी आशा अशी की, आजारपण, मृत्यू, बाळाचा जन्म अशा प्रसंगी आपण एकमेकांच्या उपयोगी पडावे. आपले नाते केवळ आठवड्याच्या सभेपुरते राहू नये. अडचण उपासनेची आहे. प्रत्येक परंपरेतील थोडे थोडे घेऊन एक सामाईक प्रार्थना रचण्याचा मी प्रयत्न केला, पण ती वाचताना मलाच ती कोणाचीच वाटेना. जे एका ईश्वराला शरण जातात, आणि जे सृष्टीचा कोणी कर्ता मानतच नाहीत, त्यांनी मिळून नेमके कोणते शब्द उच्चारावेत? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त उपदेशक

आपल्याला ती प्रार्थना कोणाचीच वाटली नाही, हे मला शुभलक्षण वाटते. मीही उमेदीच्या काळात अशा प्रार्थना रचल्या होत्या आणि लोक त्या सौजन्याने म्हणतही असत, परंतु कोणी आजारी पडले की त्या त्यांच्या ओठांवर येत नसत. लहानपणी पाठ झालेलेच शब्द येत.

२७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निमंत्रणावरून इटलीतील असिसी येथे अनेक धर्मांचे प्रतिनिधी शांततेसाठी जमले होते. तेथे हाच पेच होता आणि तो मोठ्या विचारपूर्वक सोडवला गेला. सर्वांनी एकच प्रार्थना म्हणायची नाही, तर प्रार्थना करण्यासाठी एकत्र यायचे, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानुसार प्रत्येक धर्माच्या मंडळींनी आधी शहरातील वेगवेगळ्या ठिकाणी आपापली प्रार्थना केली, आणि मग सर्वजण एका जागी येऊन, एकाची प्रार्थना चालू असताना बाकीचे आदराने उपस्थित राहिले. दुसऱ्याच्या प्रार्थनेला साक्षी राहणे हीदेखील एक उपासना आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

आम्ही पुढे हाच मार्ग धरला. प्रत्येक सभेत एका परंपरेकडे यजमानपद असे. तिची प्रार्थना तिच्याच भाषेत, कोणताही शब्द सौम्य न करता म्हटली जाई, आणि इतरांनी त्यात सामील व्हावे अशी अपेक्षा नसे. त्यानंतर दीर्घ मौन असे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात आजही अनेक ठिकाणी सभा मौनातच भरते, आणि ज्याला आतून प्रेरणा होते तोच उठून बोलतो. आपल्या समुदायातील ज्यांचा कशावरच विश्वास नाही, त्यांना त्या मौनात सर्वांइतकीच हक्काची जागा मिळेल.

उत्तर २: परतलेला वाटसरू

मी अशा एका समुदायातून बाहेर पडलो, म्हणून लिहीत आहे. तेथील माणसे अतिशय प्रेमळ होती, परंतु सर्व धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सभेत ऐकावे लागे. माझे वडील गेले तेव्हा माझ्या परंपरेतील काही ठराविक शब्द त्यांच्यासाठी म्हटले जावेत, अशी माझी फार इच्छा होती. ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आपल्याला कधीतरी ते लागतील असे वाटून कोणी मला विचारलेही नव्हते. त्याऐवजी प्रकाशाविषयीची एक सुंदर कविता वाचली गेली. मी त्या क्षणी जितका एकटा पडलो, तितका पूर्वी कधीच पडलो नव्हतो.

सर्व धर्म एकच सांगत नाहीत. वेदान्ताने जो आत्मा सर्वस्व मानला, तोच बुद्धांनी नाकारला. येशूला ख्रिस्ती ईश्वराचा पुत्र मानतात, तर मुस्लिम त्यांना अत्यंत आदरणीय प्रेषित मानतात, पण ईश्वर मानत नाहीत. हे भेद मिटवून टाकणे म्हणजे ज्यांनी त्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्यांना गांभीर्याने न घेणे होय. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेतील विवेकानंदांचे पहिले भाषण सर्वांना आठवते, पण मला २७ सप्टेंबरचे समारोपाचे भाषण अधिक मोलाचे वाटते. एका धर्माचा विजय होऊन ऐक्य साधेल ही आशा अशक्य आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. ख्रिस्ती माणसाने हिंदू किंवा बौद्ध व्हायचे नाही, तर इतरांचे सत्त्व आत्मसात करून आपल्याच नियमाने वाढायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये, मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या पंथाच्या तेथील मंदिराला विरोध होत असताना, तीन नियम सांगितले. एखादा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या विरोधकांना न विचारता त्याच्या अनुयायांना विचारावे. आपल्यातील उत्तमाची तुलना दुसऱ्याच्या वाइटाशी करू नये. आणि दुसऱ्या परंपरेतील एखादी गोष्ट पाहून, ही आपल्याकडेही असती तर, असे वाटण्याला मनात जागा ठेवावी. या शेवटच्या भावनेला त्यांनी पवित्र असूया म्हटले. तुमच्या समुदायात ही असूया निर्माण झाली, तर मी पुन्हा अशा सभेत येऊन बसेन.

उत्तर ३: सभासद

सामाईक प्रार्थना नसली, तरी सामाईक वचन असू शकते. अमेरिकेत युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट या दोन उदारमतवादी धार्मिक संघटना १९६१ मध्ये एकत्र आल्या. तेथे सभासद होण्यासाठी कोणताही ठराविक विश्वास मान्य करावा लागत नाही. एकमेकांशी कसे वागू याच्या वचनावर समुदाय उभा असतो. १९८५ मध्ये स्वीकारलेले त्यांचे तत्त्वविधान त्यांनी २०२४ मध्ये मतदानाने बदलले. असे वचन पुढच्या पिढीला नव्याने लिहिता येते, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्या वाचकांना महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचेही स्मरण व्हावे. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास केला, परतल्यावर ते प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले, आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मिशन सुरू केले. त्यांच्याकडे पाहता, आपली दुसरी आशा पहिलीहून कमी आध्यात्मिक आहे असे कृपया समजू नये.

आणखी एक विनंती. आपण स्वतः कोणत्या परंपरेतील आहात, हे पहिल्याच सभेत सांगा. सर्वांचा होण्यासाठी उपदेशकाने स्वतःचे काहीच नसल्यासारखे बोलणे बरे नव्हे. त्यामुळे इतरही आपले खरे बोलणे आवरतात.

प्रश्नकर्ता: नवा उपदेशक

तिन्ही उत्तरे मी अनेकदा वाचली. परतलेला वाटसरू यांच्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले, आणि त्यांनी ते येथे लिहिले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ती रचलेली प्रार्थना मी बाजूला ठेवली आहे. पहिल्या सभेत मी माझी परंपरा सांगेन, तिची एक प्रार्थना जशीच्या तशी म्हणेन आणि मग आपण मौनात बसू. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक सभासदाला घरी जाऊन भेटण्याचे मी ठरवले आहे, आणि सोबत एक वही नेणार आहे. आपल्या किंवा आपल्या माणसाच्या अखेरच्या वेळी कोणते शब्द म्हटले जावेत, ते कोणी म्हणावेत, आणि कोणते शब्द मुळीच नकोत, हे मी प्रत्येकाला विचारून त्यात लिहून घेईन. जे शब्द मला उच्चारता येत नाहीत, ते त्या त्या घरातील मोठ्या माणसांकडून शिकेन. मृत्यूचा विषय पहिल्याच भेटीत काढणे कोणाला अशुभ किंवा आगाऊपणाचे वाटेल का, आणि तसे वाटणार असेल तर सुरुवात कशी करावी, एवढे निवृत्त उपदेशकांनी सांगितले तर बरे होईल.

उत्तर ४: निवृत्त उपदेशक

पहिल्या भेटीत मृत्यूविषयी विचारू नका. लहानपणी घरात कोणती प्रार्थना ऐकली, ती कोण म्हणत असे, एवढेच विचारा. बहुतेक जण आई किंवा आजीची आठवण सांगू लागतात, आणि तिच्या शेवटच्या दिवसांपर्यंत आपणहून येऊन पोहोचतात. वही तेव्हा उघडा, आणि लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या.