मालिकेची गोष्ट संपली तरी मालिका चालूच, याला शब्द काय?

आमसूल:
शब्द हवाय. परवा घरी जुन्या मालिकांचा विषय निघाला, सासूबाईंनी विचारलं 'माझ्या नवऱ्याची बायको' किती वर्षं चालली गं, मी म्हटलं २०१६ ला सुरू झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये संपली. तर म्हणाल्या, "छे, संपली केव्हाच होती, बंद नंतर झाली." मी तिथेच अडकले. गोष्ट काय होती, नागपूरची राधिका, नवरा गुरुनाथ, मध्ये आली शनाया, आता नवऱ्याला वठणीवर आणायचं. बास. पुढे राधिकाचे मसाले ३०० कोटींचे झाले, तिनं सौमित्रशी दुसरं लग्न पण केलं, म्हणजे नावातला 'माझा नवरा' तोच राहिला नाही तरी मालिकेचं नाव तेच. तर गोष्ट संपल्यापासून मालिका बंद होईपर्यंत हा जो मधला काळ आहे त्याला काय म्हणायचं? 'पाणी घालणं' सांगू नका, ते मला पण माहितीये.

तिरकी रेघ:
शब्द ढीगभर आहेत. चऱ्हाट, गुऱ्हाळ, दळण, पाल्हाळ, मारुतीचं शेपूट, लांबण. पण सगळे एका अर्थाचे नाहीत हां. चऱ्हाट म्हणजे मुळात जाडाभरडा दोर, तो वळत बसायचं, त्यात फक्त लांबी. दळणात लांबीपेक्षा तेच तेच महत्त्वाचं. आणि 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये जान्हवीचं बाळंतपण लांबलं होतं आठवतंय, अख्ख्या महाराष्ट्राने व्हॉट्सॅपवर जोक फिरवले, ते ना चऱ्हाट ना दळण, ते भिजत घोंगडं. होणार हे सगळ्यांना माहीत, पण पिळून वाळत कोणी घालत नाही.

आमसूल:
घोंगडं पटलं. पण हे सगळे लांबीचे किंवा खोळंब्याचे शब्द झाले. मला लांबीचा प्रॉब्लेम नाहीये. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग, चार दिवसांच्या नावाखाली अकरा वर्षं, हसायचं ते हसून घ्या. पण तिथे सासूही होती आणि सुनाही होत्या, नाव खोटं पडलं नाही. लांब आणि आपल्या मुद्द्याच्या पलीकडे गेलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झोपाळा:
मुद्दल फिटलं, व्याज चालू आहे.

आमसूल:
वा. पण व्याज भरतंय कोण, आपणच ना :) वाक्य म्हणून झकास, शब्द म्हणून जरा लांब पडतंय.

पाटपाणी:
ताई, मी शिरोळकडचा, आमच्याकडं याला शब्द तयार आहे, तुम्ही तो मालिकेला लावत नाही इतकंच. खोडवा. गुऱ्हाळापर्यंत आलात आणि उसाच्या रानात शिरलाच नाहीत. पहिल्यांदा लावला ती लागण. ऊस तुटून कारखान्याला गेला की गोष्ट संपली, पण बुडखे रानातच असतात, ते जमिनीलगत छाटायचे, पाणी द्यायचं, परत फुटवे येतात, तो खोडवा. त्यानंतर तसाच तिसऱ्यांदा ठेवला की निडवा. का ठेवतात? नांगरट वाचती, बेणं वाचतं, सरी सोडायचा खर्च वाचतो. आता मालिकेचं बघा, बंगल्याचा सेट उभा आहे, साड्या आहेत, आठ वाजले की टीव्ही लावायची लोकांची सवय म्हणजे मुळ्या रानातच आहेत, नवीन लागण कशाला करा. आणि खोडव्यात काही बुडखे मरतात, तिथं मोकळी जागा पडती, तिथं नवी रोपं लावायची त्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. तुमच्या त्याच मालिकेत शनाया करणारी रसिका सुनील गेली, तिच्या जागी ईशा केसकर आली, मग परत रसिका आली. नांग्याच की.

तिरकी रेघ:
नांग्या!! हा शब्द मी आजपासून वापरणार. ऑफिसात कोणी सोडून गेला की पण.

कोरा कागद:
मी मध्यंतरी एका मालिकेचे संवाद लिहायचो, चॅनलचं नाव राहू दे. आमच्यात याला शब्द नव्हता, 'एक्स्टेन्शन मिळालं' एवढंच म्हणायचो आणि पेढे वाटायचो, कारण घरभाडं त्यावर होतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, गोष्टीचं पुढे काय ते त्यावर. शेवटच्या भागाचा शेवटचा सीन लिहून दिला होता मी, सगळं घर पंगतीला बसलंय, रुसलेला दीर आलाय, श्रीखंड वाढून झालंय. संध्याकाळी फोन, अजून तीन महिने हवेत. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, शून्य, विचार करायला वेळ कुठला, मी त्याच पंगतीत दारावरची बेल वाजवली. कोण आलंय ते मला पण दुसऱ्या दिवशी दुपारी ठरवायचं होतं. श्रीखंड मात्र तसंच राहिलं ताटात, कंटिन्युइटीसाठी चार दिवस तेच ताट. तर पाटपाणी दादा, बुडख्याला फुटवा येतो तो असा येतो.

आमसूल:
कोण आलं होतं पण??

कोरा कागद:
जुळी बहीण. माफ करा.

झोपाळा:
खोडवा शब्दावर एक हरकत आहे. तुम्ही सगळे तो शिवी दिल्यासारखा वापरताय. 'आई कुठे काय करते' घ्या, डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. नावातल्या प्रश्नाचं उत्तर अरुंधती अनिरुद्धपासून वेगळी झाली तिथेच मिळालं होतं, पुढे आशुतोषशी लग्न हा सरळ सरळ दुसरा फड. पण माझ्या आईला तोच भाग जास्त आवडला. पन्नाशीकडे झुकलेली बाई परत लग्न करते आणि घरातले काय काय बोलतात, ते ती कान देऊन ऐकायची, पहिल्या भागात नुसती चिडायची. नंतर नंतरचं मलाही नाही झेपलं, ते सोडा.

पाटपाणी:
अहो शिवी कोण म्हणतंय. खोडवा वाईट नसतोच, लोक त्याच्याकडं बघत नाहीत म्हणून उतारा, म्हणजे उत्पन्न, पडतो. वरंब्याच्या बगला फोडल्या, वेळेत खत दिलं, पाचट न पेटवता रानातच ठेवलं तर लागणीच्या जवळपास जातोय. फुकटचा आहे म्हणून मोकाट सोडला की मग काय येणार. नंतर नंतरचं झेपलं नाही म्हणताय ना, तो निडवा.

तिरकी रेघ:
आणि वीस वर्षांचा लीप घेऊन मुलांच्या लग्नापासून परत सुरू करतात ते? 'क्योंकि सास भी' ने केलं तसं?

पाटपाणी:
त्याच रानात दुसरी जात लावून जुन्याच नावाची पाटी ठेवायची. त्याला शब्द नाही माझ्याकडं.

आमसूल:
मग खोडवा नक्की. आता वापर कसा करायचा ते ठरवू. 'मालिका खोडव्याला गेली' बरोबर वाटतं का?

पाटपाणी:
नाही. खोडवा ठेवला म्हणतात, नाहीतर धरला, राखला. ऊस आपणहून खोडव्याला जात नाही, मालक ठेवतो.

आमसूल:
म्हणजे 'चॅनलने खोडवा ठेवला'. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, आणि आम्ही पाणी पाजलं.