गड बघून परत फिरता, मग गाव कोणी बघायचं?

भटका_जीव:
स्लोव्हाकियातल्या स्पिश किल्ल्यावर हल्ली आपली मंडळी दिसतात. मोटारवेवरून थेट गडाच्या पार्किंगला, दोन तास, चाळीस फोटो, की निघाले. पायथ्याच्या गावात कुणी उतरत नाही. गावाचं नाव स्पिश्स्के पोद्‌ह्राद्ये, म्हणजे अक्षरशः 'स्पिशचं गडाखालचं'. माझं मत स्पष्ट आहे: वेळ कमी असेल तर गड सोडा, गाव बघा.

तेव्हा हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. १४१२ साली हंगेरीचा राजा सिगिस्मुंड व्हेनिसशी लढत होता आणि तिजोरीत खडखडाट. त्याने या मुलखातली १३ गावं आणि आणखी काही ठाणी पोलंडच्या राजाकडे गहाण टाकली, त्यातच हेही गाव. कर्ज प्राग ग्रोशेनच्या साठ-साठ नाण्यांचे ३७,००० गठ्ठे, म्हणजे २२ लाखांवर नाणी. ते फिटलंच नाही. १७७२ पर्यंत, ३६० वर्षं, गावचा वसूल पोलंडकडे आणि डोक्यावरचा गड हंगेरीच्या सरदारांकडे. सावली एकाची, सारा दुसऱ्याला! हे गडावर उभं राहून कळत नाही.

चहाबाज_७:
गोष्ट झकास, पण ती घरी बसूनही वाचता येते. तिथे बघायचं काय? एक चौक, चर्च, जुनी घरं, त्यातली कितीतरी बंद. आम्ही संध्याकाळी सहाला पोचलो, चहाला टपरीसुद्धा उघडी नव्हती. लेवोचा पंधरा किलोमीटरवर आहे. तिथल्या सेंट जेम्स चर्चमधली मास्टर पावोल या जुन्या काष्ठशिल्पकाराची लाकडी वेदी १८ मीटरपेक्षा उंच आहे, मान दुखेपर्यंत बघा. उगाच नव्या लोकांना रिकाम्या गावात पाठवू नका.

भटका_जीव:
घरं बंद का, हे विचारलंत का? हे गाव शतकानुशतकं जर्मन भाषकांचं, ते त्याला किर्खद्राउफ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक जर्मनांना देश सोडावा लागला. १९४२ मध्ये स्लोव्हाकियातून ज्यूंना छळछावण्यांत धाडलं. इथलं सिनेगॉग उभं आहे, प्रार्थनेला येणारे नाहीत. ज्यांनी ही घरं बांधली ती माणसंच गेली. चहा मिळाला नाही म्हणून नाक मुरडायची जागा नाही ही.

चुना_आणि_माती:
मी तिसरंच बोलतो. गाव जगवायचं असेल तर गडावर पुन्हा छपरं चढवा, राजवाडा उभारा. १७८० च्या आगीनंतर नुसते सांगाडे उरलेत. आग वीज पडून लागली, की शिपाई दारू गाळत होते म्हणून, की मालकांनीच कर चुकवायला लावली, यावर आजही गप्पा चालतात. लोक वर राहिले तर खाली हॉटेलं चालतील.

दगडफोड्या:
अहो, छपरं कशावर चढवणार? गड ट्रॅव्हर्टाइनच्या, म्हणजे झऱ्यांच्या पाण्यातून साठलेल्या चुनखडीच्या, खडकावर आहे आणि त्या खडकाखाली मऊ चिकणमातीचा थर. खडकाचे ठोकळे भेगाळून एकमेकांपासून हळूहळू सरकतायत. वरचं वजन वाढवायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. रायगडावर बांधकाम काढा म्हटलं की इथे दोन तट पडतात, पण तिथला काळा कातळ निदान सरकत तरी नाही.

चहाबाज_७:
बरं, एक कबूल. गावाच्या पश्चिमेला कपितुला आहे, बिशपची तटबंदीतली वस्ती, रस्ता एकच. तिथल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये १३१७ चं भित्तिचित्र आहे, हंगेरीचा राजा कार्ल रॉबर्टच्या राज्याभिषेकाचं. तिथून गड समोर येतो तेव्हा मीही गप्प झालो होतो. पण मुक्काम? लेवोचातच. चहा मिळतो.