मदत हवी आहे: सड्यावरच्या वनस्पतिसमूहांचं वर्गीकरण कसं करावं?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर (म्हणजे जांभा दगडाच्या सपाट, उघड्या कातळांवर) पावसाळ्यात येणाऱ्या वनस्पतींच्या मी एक मीटरचे चौरस टाकून, म्हणजे तेवढी जागा आखून तिच्यातल्या वनस्पती मोजून, नोंदी करते आहे. आता त्यांचे समूह पाडायचेत आणि तिथेच अडलंय.

देशपातळीवर सगळे वापरतात ते चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८ चं वर्गीकरण. १६ मुख्य गट आणि त्यांखाली दोनशेहून जास्त प्रकार. भारतीय वन सर्वेक्षणाचे नकाशेही त्यावरच बेतलेले. पण ते जंगलांचं आहे: आधी हवामान बघायचं, मग झाडोऱ्याची ठेवण. सड्यावर झाडच नाही! गवतांसाठी दबडघाव आणि शंकरनारायण यांचं १९७३ चं काम आहे. त्यात अख्ख्या देशाचे पाचच प्रकार, आणि द्वीपकल्पाचा बहुतेक भाग सेहिमा-डायकँथियम (दोन गवतांच्या नावांवरून) या एकाच प्रकारात. एवढा देश कवेत घ्यायचा तर ढोबळ राहणं भागच होतं, हे कळतं. माझं काम मात्र त्यात बसत नाही.

कारण सड्यावर चार पावलांत सगळं पालटतं. डबक्याच्या काठाला गेंद, शेजारच्या बोटभर ओल्या मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू, जरा माती साठली की डायमेरियासारखी वर्षायू (एकाच हंगामात जगून संपणारी) गवतं. मातीत अन्नद्रव्यं नावाला, म्हणून तर आसवं, दवबिंदू अशा कीटकभक्षी वनस्पती इथे तग धरतात. चौरस मोठा घेतला की हे सगळं एकात मिसळतं.

दुसरी अडचण काळाची. जुलैत जिथे आसवं दिसतात, तिथेच सप्टेंबरात गवत वर आलेलं असतं. हा एक समूह धरायचा की एकामागून एक येणारे दोन? ब्राउन-ब्लँके पद्धतीच्या व्याप्तीश्रेणीने (कोणत्या जातीने चौरसाचा किती भाग व्यापलाय याच्या श्रेणीने) नोंदी केल्यात, पण दोन्ही महिन्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात घालाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात? मला स्वतःला एकत्र घालणं पटतं, कारण माती आणि पाणी तेच आहे. पण मग ट्विन्स्पॅनमध्ये (नोंदींचे गट पाडणाऱ्या संगणक-प्रणालीत) गट जागेनुसार पडतील की ऋतूनुसार, ही धास्ती वाटते.

हे नुसतं अभ्यासापुरतं नाही. पडीक जमिनींच्या नकाशांत असे कातळ ‘खडकाळ ओसाड’ म्हणून जातात. चिरेखाण निघाली किंवा सुरुंग लावून आंब्याची कलमं लावायचं ठरलं, तर इथे नेमकं काय नष्ट होणार हे सांगायला समूहाचं नाव तरी हातात हवं.

कास, चाळकेवाडी, मसई अशा उंचावरच्या पठारांवर ज्यांनी चौरस टाकलेत त्यांनी कृपया सांगा: चौरस केवढा घेतला? दोन ऋतूंच्या नोंदी कशा जुळवल्या? आणि कोकणातले सखल सडे त्या पठारांच्याच गटात धरावेत का? कासची उंची सुमारे १२०० मीटर, आमचे सडे समुद्राला लागून. काही जाती सारख्या असल्या तरी मला ते वेगळे वाटतात. नमुन्यादाखल तक्ता हवा असेल तर इथेच टाकते.